लाव्यांच्या काठीखाली चार म्हातारे

त्या वर्षी मोसमाच्या तोंडावर आमच्या घरी आठवड्यातून तीनदा लाव्याचा रस्सा शिजायला लागला, आणि मी बावळट बाई खूश होते. एरवी आमचा म्हातारा लाव्यांच्या बाबतीत महाकंजूष. फाशात दहा सापडले तर आठ बाजाराला जाणार, एक पाहुण्याला, आणि उरलेल्या एकाच्या रश्श्यात घरच्यांनी मक्याच्या उगालीचा गोळा बुडवून समाधान मानायचं. त्या वर्षी मात्र तो स्वतःच पिंजऱ्यातला पक्षी काढून, मान मुरगळून, पिसं साफ करून माझ्यापुढे ठेवायला लागला. "घे, न्यार उगेन्या, याला काही गळा नाही," म्हणायचा. न्यार म्हणजे लेक, आणि उगेन्या माझ्या माहेरचा मुलूख, म्हणून लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी अख्खं गाव मला त्याच नावानं हाक मारतं. डोर्सिला हे नाव फक्त चर्चच्या वहीत आहे. तर मी काही न विचारता कांदा चिरायला घ्यायची. आयतं मटण चालून आलं तर चौकशा कोण करतं?

लावा म्हणजे मूठभर पक्षी. जमिनीवर पळतो, गवतात लपतो, अगदी पायाखाली येईपर्यंत उडायचं नाव घेत नाही. एवढ्याशा जिवासाठी आमच्याकडचे पुरुष जितकी धावपळ करतात तितकी बायकोसाठी केली असती, तर माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर कधीच गळलं नसतं. ज्वारीची कापणी झाली की शेतातल्या धसकटांमध्ये रानातले लावे उतरतात, आणि मग काठी उभी राहते. निलगिरीची उंच काठी, तिला खालपासून वरपर्यंत वीस-पंचवीस पिंजरे, प्रत्येकात एक पाळलेला नर. सगळ्यात वरच्या पिंजऱ्यात पुढारी. पहाटे त्यानं पहिला सूर काढला की खालचे त्याच्यामागे गातात, आणि ते ऐकून रानातले नर भांडायला आणि माद्या बघायला गवतातून धावत येतात. काठीच्या पायथ्याशी गाईच्या शेपटीच्या केसांचे फासे लावलेले असतात. म्हणजे सगळी मदार त्या वरच्या एकावर. तो आळशी निघाला की अख्खी काठी आळशी, आणि मग मोसमभर सुकी मासळी खा.

जो गात नाही तो भांड्यात, हा काठीचा नियम. त्यात दयामाया नाही.

आमची काठी चार घरांची. आम्ही, ओढ्यापलीकडचा ओबुरा, आणि न्यांग्वेसो नि त्याचा धाकटा भाऊ ओलांग. पुढारी निवडायला मोसमाआधीचा एक शनिवार ठरलेला असतो. पहाटे चौघं म्हातारे कोट घालून बुटक्या स्टुलांवर बसतात. पिंजऱ्यांवर फडकी टाकलेली असतात, कोणाचा पक्षी कुठला ते कळू नये म्हणून. पिंजऱ्याला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि निकाल द्यायचा तो राडिंगनं, म्हणजे आमच्या म्हाताऱ्यानं. अठरा वर्षं तोच देत आला होता. त्याच्या कानाचं नाव पार ‘याला’ नावाच्या लांबच्या गावापर्यंत. ऊस गिरणीतून सुटून घरी आल्यावर शेत त्यानं मुलांना दिलं, गाई मुलांना दिल्या. स्वतःकडे ठेवले ते हे लावे.

आमच्या वळचणीला सात पिंजरे टांगलेले असायचे. त्यातल्या एकाला मी पाद्री म्हणायची, कारण तो एकदा सुरू झाला की आवरतं घेत नसे. दुसरा कंडक्टर. किसुमू शहराच्या गाड्यांच्या दारात लटकून पोरं ओरडतात ना, तसा.

एका मंगळवारी सकाळी पाद्रीनं इतकं डोकं उठवलं की मी त्याच्या पिंजऱ्यावर पळी फेकली. दुपारी राडिंग एक पक्षी सोलून घेऊन आला.

"हा कुठला?" मी विचारलं.

"तुझा पाद्री. आठवडा झाला, चोच उघडली नाही त्यानं."

मला वाटलं थट्टा करतोय. "अरे ओगोलाच्या बापा, सकाळी तर गळा फाडून गात होता."

"तुला गाणं आणि खोकला यातला फरक कळतो का?"

ओगोला आमचा थोरला. त्याच्या जन्मापासून मी नवऱ्याला याच नावानं हाक मारते, आणि त्याच्या जन्मापासून नवरा मला असाच उत्तर देतो. मला राग आला आणि रागारागात मी पाद्रीला शिजवलं. चवीला चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण सकाळचं ते गाणं कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात मक्याची कणसं सोलायला बसले आणि म्हाताऱ्यावर नजर ठेवली. तो कंडक्टरच्या पिंजऱ्याखाली कमरेवर हात ठेवून उभा होता. पिंजरा इतका दाट विणलेला की आत पक्षी आहे की बटाटा ते बाहेरून कळत नाही. आतला कंडक्टर अख्ख्या किसुमूला गाडीत बसवायला निघाल्यासारखा ओरडत होता. आमच्या कुत्र्यानं वैतागून जागा बदलली. आणि राडिंग हताश होऊन मान हलवत होता.

"हाही गेला वाटतं," तो म्हणाला. मग लगेच, "ओबुरा निघाला बघ कुठेतरी."

ओढ्यापलीकडे ओबुराची मोटारसायकल सुरू झाली होती. ती त्याला ऐकू आली होती. मी कणसं सोलताना पुटपुटायची तेसुद्धा त्याला ऐकू यायचं, दुर्दैवानं, असं तोच म्हणायचा. जाड आवाज सगळे शाबूत होते. बारीक तेवढा गेला होता.

मला भीती वाटली, सरळ सांगते. राडिंगच्या वडिलांची नजर गेली तेव्हा ते आंब्याखाली खुर्ची टाकून बसले. पहिल्या महिन्यात जाणाऱ्यायेणाऱ्याला हाका मारायचे. पुढे कोणी हाक मारली तर उत्तर द्यायचे. मग तेही बंद झालं. आजार म्हणाल तर काहीच नव्हता, पण वर्ष पुरं काढलं नाही त्यांनी. आमच्या म्हाताऱ्याला पहाटे अंथरुणातून उठवणारी एकच गोष्ट उरली होती, आणि नेमकी तीच त्याला ऐकू येत नव्हती. हे कळलं तर तोही ती खुर्ची बाहेर काढेल आणि मी काही करू शकणार नाही, हे मला तिथे कणसं सोलताना दिसलं.

म्हणून दोन दिवस मी तोंड शिवून बसले. माझ्यासारखीला ही मोठीच शिक्षा. तिसऱ्या दिवशी त्यानं कंडक्टरला बाहेर काढलं आणि मानेला हात घातला.

"सोड त्याला," मी म्हटलं.

"का? मुका आहे."

"मुका तो नाही. बहिरा तू आहेस."

असं तोंडावर फेकायचं नव्हतं मला. पण समोर पक्ष्याची मान पिळली जात असताना गोड शब्द शोधायला वेळ कुठला? त्यानं कंडक्टरला परत पिंजऱ्यात सोडलं, दार बांधलं, आणि दोन्ही तळवे पिंजऱ्याच्या बुडाखाली धरले.

"तो गायला की बोट वर कर," तो म्हणाला.

आता जो पक्षी मरणाच्या दारातून परत आलाय त्याला गाणं कुठून सुचणार? आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे. शेजारची सून पाणी घेऊन गेली, तिनं एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं आणि पावलं उचलली. मग कंडक्टरला धीर आला. मी बोट वर केलं. पुन्हा गायला, पुन्हा वर केलं. गाताना लावा सगळं अंग झोकून देतो, पिंजरा थरथरतो. माझं बोट वर जायचं आणि त्याच क्षणी त्याच्या तळव्यांना ती थरथर लागायची. पाच वेळा असं झाल्यावर त्यानं हात काढून घेतले.

"कधीपासून?"

"मला काय माहीत? चार-पाच भांडी तरी झाली असतील."

तो पायरीवर बसला. मला वाटलं, आता खुर्ची मागेल. पण त्यानं विचारलं, "म्हणजे पाद्री गात होता?"

"गात होता."

"आणि तो निळ्या दोऱ्याचा?"

"तोही."

"आणि आपण त्याला..."

"तू दोनदा वाढून घेतलंस."

त्यानं कपाळाला हात लावला. स्वतःच्या कानाचं त्याला नंतर सुचलं. आधी तो त्या पक्ष्यांसाठी रडला, अगदी डोळ्यांतून पाणी काढून. अठरा वर्षं ज्यांना जिवापाड जपलं त्यांना त्यानं, त्यांचा काहीच दोष नसताना, मीठ लावून खाल्लं होतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि तोंडाला येईल ते बोलत राहिले, म्हणजे निदान मी त्याला ऐकू येत राहीन.

संध्याकाळी ओगोलाचा किसुमूहून फोन आला. मी सगळं सांगितलं, तर कानात बसवायचं यंत्र मिळतं म्हणाला. राडिंगनं उत्तर दिलं, "वीस वर्षं गिरणीचं यंत्र कानातच होतं. तेवढं पुरे." फोन ठेवला आणि मला म्हणाला, "शनिवारी मी जाणार नाही. ताप आलाय म्हणून सांग."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही ताप येईल."

हे ऐकलं आणि मी कंबर कसली. "यंदा आंबील वाढायची पाळी आपल्या घराची आहे," मी म्हटलं. "म्हणजे मी तुमच्या पाठीमागे बसणार. तुझ्या कोटाचं टोक माझ्या हातात. एक हिसका दिला तर चांगला गायला. दोन दिले तर गायला, पण बरा नाही. हिसका नाही म्हणजे मुका."

"चांगला आणि बरा नाही, हे तुला काय कळणार?"

"मग शिकव की."

आठ दिवस होते. पहाटे तो मला उठवायचा, वळचणीखाली बसवायचा आणि माझा तळहात उघडून त्यावर बोटानं ठोकायचा. एक. मग थांबून, दोन जोडून. "टिक्. टिक्-टिक्. हे सगळेच म्हणतात. तू शेवटचा ऐक. आळशी पक्षी शेवटचा गिळतो." मग म्हणायचा, सुरुवात कोण करतं ते बघ. मग म्हणायचा, घारीची सावली पडली की सगळे गप्प होतात, तेव्हा परत पहिलं तोंड कोण उघडतं ते बघ. चुकले की चापटी मारायचा. मी त्याला सांगितलं, ज्या हातानं मारतोस त्या हाताला उद्या जेवण मिळणार नाही. पण शिकले. बेचाळीस वर्षं जो मला नुसता कलकलाट वाटत होता त्यात प्रत्येक पक्ष्याचा वेगळा गळा निघाला. पाचव्या दिवशी सरपण घेऊन येताना धसकटांतून रानातला एक लावा ओरडला, शेवटचा सूर पुरा, घसघशीत, आणि मी डोक्यावर मोळी घेऊन मान दुखेपर्यंत तिथेच उभी राहिले. घरी येऊन राडिंगला सांगितलं. कुठल्या शेतात, किती वेळा, वारा कुठून होता, सगळं त्यानं खोदून खोदून विचारलं. मला आनंद झाला आणि थोडा संतापही आला, की हे एवढी वर्षं मला कोणीच कसं दिलं नाही.

शनिवारी पहाटे ओबुराच्या अंगणात चार स्टुलं मांडलेली होती. चौघांच्या अंगात एकच राखाडी कोट, गिरणीनं निरोप देताना दिलेला. समोर दोरीला सहा पिंजरे फडक्यांखाली. मी तुंब्यातून आंबील वाढली आणि राडिंगच्या मागे जमिनीवर बसले. कोटाचं टोक मुठीत होतं.

पहिल्या पिंजऱ्याचं फडकं ओबुरानं उजेडाच्या बाजूनं जरासं वर केलं. आतला गायला, पण शेवट गिळला. मी दोन हिसके दिले.

"घाई करतो," राडिंग म्हणाला. "शेवटचा घशातच राहतो."

"घशातच," ओबुरानं मान हलवली. न्यांग्वेसोनं हलवली. ओलांगनंही.

दुसरा सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. खणखणीत, तिन्ही सूर सुटे, शेवटचा सगळ्यात मोठा. लांबवर कावळा ओरडला तरी थांबला नाही. मी एकच हिसका दिला, पण मनापासून, राडिंग स्टुलासकट मागे झुकला.

"हा बरा आहे," तो सावरत म्हणाला. चारही माना हलल्या.

मग तिसरा. ओबुरानं फडकं वर केलं आणि आम्ही वाट पाहिली. काही नाही. आत जरा खरखर झाली, पाय घासल्याची, तेवढीच. मी हात सैल सोडला. आणि त्याच वेळी लाल मुंगीनं माझ्या घोट्याला असा कडकडून चावा घेतला की मी अख्खी उडाले. कोट मुठीतच होता.

राडिंगनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वा," तो म्हणाला. "शेवटचा सूर बघा. ताणलेल्या तारेसारखा."

मी तोंडावर हात धरला. संपलं, असं वाटलं मला. आता ओबुरा विचारणार, कुठला सूर?

"तारेसारखा," ओबुरा म्हणाला.

"मी तर म्हणतो," न्यांग्वेसो म्हणाला, "पाच वर्षांत असा गळा ऐकला नाही."

ओलांगनं डोळे पुसले.

मी पिंजऱ्याकडे पाहिलं. पिंजऱ्यात सामसूम. मी एकेका म्हाताऱ्याकडे पाहिलं. तेच चार राखाडी कोट, एकाच गिरणीचे, एकाच चरकाजवळ वीस-वीस वर्षं उभे राहिलेले. दर वर्षी हेच चौघं काठीखाली बसून म्हणायचे की हल्ली लावे उतरत नाहीत. कधी ट्रॅक्टरला शिव्या, कधी फवारणीला, मागच्या वर्षी तर मोबाइलच्या टॉवरला. आणि चार घरांत मिळून गाणारे पक्षी किती शिजले असतील, देवच जाणे.

राडिंगचं काम झालं होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं. त्याची जागा, त्याचं नाव, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, आणि मरेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता, कारण पत्ता लागायला कान हवेत. फक्त काठीच्या टोकावर एक मुका पक्षी चढला असता, आणि आज जो असा आनंदात डोळे मिटून बसला होता तो मोसमभर रिकाम्या फाशांपुढे उभा राहिला असता. मग एक दिवस खुर्ची निघालीच असती. मला ते नको होतं.

"थांबा," मी म्हटलं. "तो गायलाच नाही."

चौघंही माझ्याकडे वळले. माझा आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

"न्यार उगेन्या, आंबील वाढ," ओबुरा म्हणाला.

"वाढते, जाडुओंग," मी वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हटलं. "पण तो गायला नाही. मला मुंगी चावली म्हणून मी कोट ओढला."

राडिंगनं मागे वळून पाहिलं. तो चेहरा मी लग्नात पाहिला नव्हता, मुलं झाली तेव्हा नाही, आणि वडील गेले तेव्हाही नाही. मला वाटलं, मीच माझ्या हातानं खुर्ची काढून दिली त्याला. मग हळूहळू तो दुसरीकडे वळला. ओबुराकडे.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "ही कोट ओढते तसं मी बोलतो. पण ओबुरा, तू मान का हलवलीस? तुझा कोट कोण ओढत होतं?"

ओबुरानं गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

"कधीपासून?"

"सहा वर्षं. डोळे मिटलेस की चांगला, नाक खाजवलंस की वाईट."

राडिंगनं आपलं स्टूल त्याच्याकडे वळवलं. "आणि दोन वर्षांपासून पक्ष्यांचा आवाज मला जरा लांबून आल्यासारखा वाटायला लागला," तो म्हणाला, "तेव्हापासून मी तुझ्या मानेकडे बघतोय."

"मी तुम्हा दोघांकडे," न्यांग्वेसोनं कबूल केलं. ओलांगनं विचारलं काय चाललंय, आणि त्याला कानाशी तोंड नेऊन सगळं दोनदा सांगावं लागलं.

पहिला हसला तो न्यांग्वेसो. मग ओबुरा. ओबुराला हसताना खोकला लागतो, खोकताना तो स्टुलावरून घसरतो, आणि त्याला उचलताना बाकीचे हसतात, असं सगळं बराच वेळ चाललं. जरा शांत झाल्यावर खाल्लेल्यांची उजळणी निघाली. ओबुरानं त्याचा जुना पुढारीसुद्धा खाल्ला होता, तोही पोरीच्या सासरच्यांसमोर, हा कामातून गेला म्हणून सांगत.

"म्हणजे यंदा काठी नको," ओलांग म्हणाला. "ऐकायचं कोणी?"

राडिंग उठला. त्यानं आपलं स्टूल उचललं, पिंजऱ्यांसमोर नेऊन ठेवलं आणि मला म्हणाला, "बस."

"बाई स्टुलावर बसत नाही," ओलांग म्हणाला.

"बाईला ऐकू तर येतं," ओबुरा म्हणाला. "ओलांग, तू बस खाली."

मी बसले. सहाही पुन्हा ऐकले. म्हाताऱ्यांना घाईच नव्हती, आणि मलाही नाही. शेवटी दुसऱ्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. ओबुरानं फडकं काढलं आणि न्यांग्वेसोनं डोक्यावर हात मारला. पक्षी त्याचा निघाला.

"उद्या याचा रस्सा करणार होतो," तो म्हणाला. "बायकोनं टोमॅटोसुद्धा आणलेत."

त्याच संध्याकाळी गावातल्या तरण्या पोरांनी दोर ओढून काठी उभी केली. दुसऱ्या दिवशी रविवार, चर्चला जायच्या आधी मला जरा पडून राहायचं होतं. राडिंगनं उजाडायच्या आत हलवून उठवलं. "चल, वेळ झाली," म्हणाला, आणि मला शाल घ्यायलाही थांबला नाही. काठीखाली उरलेले तिघं आधीच कोट घालून उभे होते.

अंधार विरळ झाला आणि वरून पहिला सूर आला. मग त्याच्या खालचा, मग एकदम सगळे. थोड्या वेळानं धसकटांतून रानातल्या एकानं उत्तर दिलं, मग दुसऱ्यानं, जवळून. गवत हलायला लागलं. मी प्रत्येक वेळी बोट वर करत होते, आणि चौघं माना वर करून त्या काठीकडे बघत होते. त्यांच्यासाठी ती मुकीच होती. मला ते बघवेना.

राडिंग माझ्याजवळ आला. "सांग," म्हणाला.

"चांगला गातोय. शेवटचा पुरा म्हणतो. खालचेही त्याच्या..."

"ते नको. तो काय म्हणतोय ते म्हणून दाखव."

आयुष्यात मी पक्ष्याची नक्कल केली नव्हती. लाजही वाटली, नातवंडं असलेली बाई मी. पण तिथे कोण ऐकणार होतं? मी घसा साफ केला आणि म्हटलं, टिक्. टिक्-टिक्. माझ्या रांगड्या आवाजात ते लाव्याचं न वाटता कोणी दार ठोकतंय असं निघालं.

राडिंगचा चेहरा हलला. त्याला ऐकू आलं होतं. डोळे मिटून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"शेवटचा गिळलास," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हटलं.

"अजून सोड. घाबरतेस कशाला?"

तिसऱ्यांदा मी पोटापासून आवाज काढला. राडिंगनं मान हलवली, कोणाकडेही न बघता. "हां," तो म्हणाला, "असं असतं ते." त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

मागून ओबुरा कानाला हात लावून पुढे आला. "न्यार उगेन्या, जरा इकडे तोंड करून म्हण," तो म्हणाला. "मला अर्धंच आलं."

मी त्याच्याकडे वळले आणि पहिल्यापासून सुरू केलं.